मंदाचा हात आणि माझे गुडघे

बडोदे,
२ ऑगस्ट

तीर्थरूप आक्का,

साष्टांग नमस्कार. तो मनातल्या मनात घातला आहे, कारण खरोखरचा घातला तर मला उठवायला सोसायटीतली चार माणसं बोलवावी लागतील. दाजींनाही तसाच.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू लावत नाहीस, म्हणून पुन्हा पत्र. भक्ती म्हणते, "बाबा, आत्याला व्हिडिओ कॉल करा ना." पण व्हिडिओत तू माझं पोट बघतेस आणि कपाळाला हात लावतेस. पत्रात पोट दिसत नाही.

इकडे सगळे मजेत. पाऊस बरा आहे. विश्वामित्रीला पाणी आलंय, पण अजून शहाण्यासारखी वागते आहे. देवासला काय परिस्थिती?

गुडघ्यांचं विचारलं आहेस. दोन्ही आपापल्या जागी आहेत आणि दोघांचंही माझ्याशी पटत नाही. सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली काही पावलं मी कपाट सरकवावं तसा सरकतो. मकरपुऱ्याला आयुष्यभर मशीनपुढे उभं राहून काम केलं. फोरमन म्हणून रिटायर झालो तेव्हा म्हटलं, आता बसून खायचं. बसलो. खाल्लंही. उठणं तेवढं राहून गेलं. नाव हिंमतराव, आणि मे महिन्यात प्रतापसिंहरावांच्या नातवाची मुंज हॉलचा जिना बघून टाळली. खालीच रिक्षात बसून अहेर वर पाठवला.

उपाय सगळे झाले. निर्गुडीचं तेल, गरम मीठ, गुडघ्याला पट्टे. शेजारच्या रमीलाबेन रोज भिजवलेली मेथी आणून देतात आणि वर विचारतात, "हिंमतभाई, फरक पड्यो?" मी म्हणतो, पड्यो. फरक मेथीच्या डब्यात पडतो.

आता मुख्य बातमी. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "काका, गुडघ्यातली गादी झिजली आहे. पुढेमागे गुडघा बदलूही. पण आधी वजन उतरवा. अंगावरचा एक किलो गेला की चालताना गुडघ्यावरचे चार किलो जातात." डाएट मी यापूर्वी करून बघितलंय, तुला माहीत आहे. दर वेळी गेलेलं वजन पाहुणे घेऊन परत आलं. म्हणून ते म्हणाले, पोटाचं ऑपरेशन करा. दुर्बिणीतून करतात. पोटाचा बराचसा भाग काढून टाकतात, उरतो केळ्याएवढा. मग माणूस फार खाऊच शकत नाही.

मी हो म्हटलं.

हो, मीच. इंजेक्शनची सुई बघून दाजींच्या अंगावर कोसळलेला तोच हिंमत. सप्टेंबरच्या सुरुवातीची तारीख मिळाली आहे.

बाकी विशेष काही नाही. मंदाच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. पॅसेजमध्ये पडली. काळजी नसावी. पाऊस मात्र बरा आहे.

तुझा,
हिंमत


बडोदे,
३० ऑगस्ट

तीर्थरूप आक्का,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस, "पावसाबद्दल दोनदा लिहिलंस आणि मंदाच्या हाताबद्दल एकदाच, तेही घाईत. कशी पडली?" आक्का, तू शाळेत इन्स्पेक्टर व्हायला हवी होतीस. पडली म्हणजे पडली. फरशी गुळगुळीत आहे. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल.

गणपती आले आहेत, आणि यंदाचे गणपती मी जन्मात विसरणार नाही. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे मला नुसतं पातळ प्यायला सांगितलंय, म्हणजे आतलं लिव्हर आक्रसतं आणि डॉक्टरांना काम करायला जागा होते. तेव्हा दुधी भोपळ्याचं सूप, ताक, आणि व्हॅनिलाचा वास असलेली प्रोटीनची पावडर. ती पावडर म्हणजे भिंतीचा चुना, थोडा गोड केलेला.

आणि मंदाचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मग मोदक कोणी करायचे? भक्ती म्हणाली, "बाबा, विकत आणूया." मंदा देव्हाऱ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, मी करतो.

मला उभं राहवत नाही, म्हणून भक्तीनं तिच्या दुकानातलं उंच स्टूल आणलं. ओट्याशी स्टुलावर मी, बाजूला मंदा, गळ्यात हाताची झोळी. ती तोंडानं सांगणार, मी हातानं करणार. "अहो, कणीक आहे ती, लोखंड नव्हे!" "मोहन गरम घाला." "एवढं सारण? फुटेल की तो!" पहिले दोन तेलात फुटले. तिसऱ्याला मात्र मी अशा कळ्या पाडल्या की मंदा म्हणाली, "इतकी वर्षं कुठे लपवली होती ही बोटं?" मशीनवर सुताएवढा फरक पकडणारी बोटं आहेत म्हटलं.

ताटभर मोदक तळले आणि एकही खाल्ला नाही. खोटं नाही सांगत. वास मात्र भरपूर घेतला. मग मी माझं दुधीचं सूप घेऊन बसलो आणि मंदाला डाव्या हातानं मोदक फोडता येईना, म्हणून तो तिला भरवला. लग्नात घास देतात त्यानंतर पहिल्यांदाच. तिला हसू आवरेना. तुपाचा ओघळ झोळीवर.

खरं सांगू? मी घाबरलोय. भक्तीला सांगितलं नाही, मंदाला तर नाहीच. झोपेतून उठलोच नाही तर, असं एकदा मनात येऊन गेलं. पण हे असंच चालू राहिलं तर काय होईल याची भीती त्याहून मोठी आहे. त्याबद्दल आत्ता विचारू नकोस. ऑपरेशन सुखरूप झालं की लिहीन.

बाप्पाकडे माझ्यासाठी मागशील ना?

तुझा,
हिंमत


बडोदे,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आक्का,

नमस्कार. भक्तीनं वेळोवेळी कळवलंच आहे, पण माझ्या हातचं पत्र आत्ता. मी आहे. बराचसा आहे, म्हणजे बराच कमी आहे. जुन्या पँटमध्ये माझ्यासोबत अजून एक माणूस मावेल. गालफडं उतरली, मानेखाली कातडी लोंबते, केस गळतात. रमीलाबेन आल्या आणि दारातच रडायला लागल्या. मला म्हणाल्या, "अरेरे, शुं थई गयुं!" मी म्हटलं, बेन, यालाच बरं होणं म्हणतात.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच उठवून चालवलं. सुरुवातीला घोट घोट पाणी, मग पातळ, मग लगदा. आता सगळं खातो, पण वाटीभर. चावून चावून. एक घास जास्त झाला की छातीत गच्च होतं आणि अक्कल येते.

गुडघे? आता तुला वाटेल, वजन गेलं म्हणजे दुखणंही गेलं. तसं नाही. पहिला महिना उलट जास्त जाणवलं, कारण मी चण्यासारख्या खायचो त्या दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या. शिवलेल्या पोटाला त्या चालत नाहीत. आता बर्फाची पिशवी, साधी पॅरासिटामॉल, आणि सानवी. सानवी म्हणजे फिजिओथेरपिस्ट, चवळीच्या शेंगेसारखी पोर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावते आणि "अजून, काका, अजून" म्हणत राहते. गेलेली गादी परत येत नाही, हे तिनंच स्पष्ट सांगितलं. पण मांडी बळकट झाली की भार ती उचलते. आणि फरक पडलाय, आक्का. मेथीवाला नव्हे, खरा. सकाळी पलंगावरून उतरतो तो सरळ दारापर्यंत जाऊन दूध घेतो. सोसायटीच्या गेटपर्यंत फेरी मारतो. बाकावर न बसता.

आता ते सांगतो, जे सांगेन म्हटलं होतं.

मंदा पडली नाही. मी पडलो. जुलैत, सकाळी, पॅसेजमध्ये. उजवा गुडघा एकदम निखळल्यासारखा झाला. ती स्वयंपाकघरातून धावली आणि मला धरायला गेली. आक्का, मी किती आणि ती किती. मी तिच्यावर पडलो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि मला उठता येईना. ती माझ्याखाली, आणि मी उलटवलेल्या कासवासारखा. तीच कळवळत म्हणत होती, "तुम्हाला लागलं का?" रमीलाबेन आणि त्यांचे दोन मुलगे आले तेव्हा सुटका झाली.

दाजींची ही चुलत बहीण तू माझ्यासाठी आणलीस. त्यामुळे तुला कसं लिहू कळेना. ऑपरेशनला हो म्हटलं ते गुडघ्यांसाठी नव्हे. लोकांना गुडघे सांगितले.

तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. भक्तीलासुद्धा "घसरले" इतकंच सांगितलं. पण तेव्हापासून मी तिला मला धरू देत नाही. दवाखान्यात पहिल्यांदा चालवलं तेव्हा तिनं हात पुढे केला, मी नर्सकडे वॉकर मागितला. आता भिंत धरतो, खुर्ची धरतो, भक्तीचा नवरा असला तर त्याला धरतो. रस्त्यानं मंदा डावीकडे आली की मी उजवीकडे सरकतो.

दिवाळीत एक गोष्ट झाली. तिनं चकलीचा सोऱ्या काढला, पुसला, आणि परत माळ्यावर टाकला. म्हणाली, "कोणासाठी करू? तुम्ही पाव करंजी खाणार." मी विनोद केला काहीतरी. ती हसली नाही. म्हणाली, "ताट दिलं तर तुम्ही वाटी घेता. हात दिला तर भिंत घेता. मग मी घरात करते काय?" आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

आता यावर काय म्हणायचं? तुला सुचत असेल तर लिही.

तुझा,
हिंमत


बडोदे,
१६ जानेवारी

तीर्थरूप आक्का,

नमस्कार आणि संक्रांतीचा तिळगूळ. तुझं पत्र दोन ओळींचं होतं. "तिला पडायची भीती नाही, तुला आहे. उगाच तिच्या नावावर खपवू नकोस." राग आला वाचून. दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी, तुला कळलं नसेल.

परवा उत्तरायण झाली. बडोद्यात त्या दिवशी जमिनीवर कुत्रंही नसतं, सगळं गाव गच्चीवर. मी गेली कित्येक वर्षं खाली दिवाणखान्यात बसून वरच्या पतंगवाल्यांचं "लपेट, लपेट" ऐकायचो. यंदा मंदा ऊंधियूचा डबा घेऊन निघाली आणि दारात थांबली. म्हणाली, "येताय?" नुसतं एवढंच.

गेलो. सानवीनं शिकवलंय, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठडा धरून, प्रत्येक वळणावर दम खात, गच्चीवर. आक्का, आकाश नुसतं भरलेलं! सगळीकडे स्पीकर, तिळाचा, उसाचा वास. रमीलाबेननी मला बघून असा आरडाओरडा केला की कुणाचा तरी पतंग त्या गडबडीत कापला गेला. मी खुर्चीवर बसलो, फिरकी धरली, दोन चमचे ऊंधियू आणि नखाएवढी जिलबी खाल्ली. मंदा पतंग उडवत होती. तिला येतो हे मला माहीत होतं, पण इतका चांगला येतो हे विसरलो होतो. मनगट जरा वाकडं जुळलंय तिचं. मांज्याला ढील देताना ते वाकडं मनगट असं काही फिरत होतं की मी बघतच बसलो. तिनं तीन पतंग कापले आणि दर वेळी पोरीसारखी ओरडली.

चढलो म्हणजे उतरणं आलंच. आणि गुडघ्याचं खरं वैर उताराशी असतं. गच्चीच्या तोंडाशी वरच्या आठ-दहा पायऱ्यांना कठडाच नाही; चढताना त्या मी पुढच्या पायरीवर हात टेकत चढलो होतो. पहिली उतरलो, दुसरीवर उजव्या गुडघ्यात कळ आली आणि मी थांबलो. मागे सोसायटीची रांग. मंदा माझ्याखालच्या पायरीवर होती. तिनं वळून डबा खाली ठेवला.

"खांद्यावर हात ठेवा."

"नको. भक्तीच्या नवऱ्याला बोलव."

"तो पतंगात आहे. ठेवा हात."

"मंदा, पडलो तर?"

"तर पडू. मागच्या वेळी मेलो का?" मग आवाज खाली करून म्हणाली, "अहो, हात मोडला तो दीड महिन्यात बरा झाला. तुम्ही तेव्हापासून माझ्या बाजूनं चालत नाही, त्याला किती महिने लागायचे?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काका, शुं थयुं?" मी म्हटलं, कंई नहीं, आवुं छुं. आणि ठेवला हात.

ठेवला म्हणजे टेकवला नुसता. चिमणी बसावी तसा. ती हलली नाही. म्हणाली, "एवढंच? पूर्ण टेका."

टेकलो. आक्का, तिचा खांदा जरासुद्धा खचला नाही. दुखरा पाय खाली, मग चांगला. ती एक पायरी उतरायची, थांबायची, मी उतरायचो. मधेच तिनं मागे न बघता विचारलं, "उद्या काय करू जेवायला?" मी म्हटलं, तुला काय आवडतं ते कर, मी वाटीभर खाईन आणि बाकीचं तू खाताना बघेन. खालच्या वळणावर, जिथे कठडा पुन्हा सुरू होतो, तिथे म्हणाली, "मला वांग्याचं भरीत आवडतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मी कठडा धरला नाही. तसाच उतरत गेलो, घरापर्यंत.

काल भरीत केलं. वांगी मी भाजली, स्टुलावर न बसता. गुडघे दुखले, दुखू दे. डॉक्टर म्हणतात, उजवा कदाचित पुढच्या वर्षी बदलावा लागेल. बदलू. मार्चमध्ये आम्ही दोघं देवासला यायचं म्हणतोय, रेल्वेनं. स्टेशनवर कोणाला न्यायला पाठवू नकोस, हमालही नको. मंदा आहे.

मंदावर टेकून उभा असलेला,
तुझा हिंमत