प्रिंटरला मी दिसत नाही

३ मार्च, सोमवार

आणि वर मलाच म्हणतो, “आई, तूच काहीतरी दाबलं असशील.”

मीच. दूध उतू गेलं तरी मी, नळ गळला तरी मी, आता प्रिंटर बसला तोही मीच. अरे, तू शिकवलंस तिथंच दाबते. आधी लेबल उघडायचं, मग कोपऱ्यातले तीन ठिपके, मग छापा. महिनोन्‌महिने छापतेय. आता तिथं नुसतं गोल गोल फिरतं आणि खाली लिहून येतं – प्रिंटर सापडला नाही. सापडला नाही म्हणजे काय? साहेबांच्या खोलीत टेबलावर बसलाय, मी शिवलेलं कव्हर अंगावर घेऊन, जावयासारखा. मी दारात उभी राहून बघते. मला दिसतो. फोनला दिसत नाही.

साहेब म्हणजे माझा मुलगा. घरी बसून ऑफिस करतो. वरून इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली चड्डी. ह्याच्यापुढं माझं काम म्हणजे चिंध्या. मी तान्ह्या पोरांची झबली-टोपडी शिवते आणि फोनवरच्या दुकानात विकते. पार्सलावर काळ्या पट्ट्यांचं लेबल लागतं. चार वाजता कुरियरवाला येतो, लेबल नसेल तर पार्सलाला हात लावत नाही. एकदा उशीर झाला तेव्हा दुकानवाल्यांची ताकीद आली. अजून दोनदा झाला की माझं दुकान बंद. कायमचं. हे घरात कुणाला सांगितलं तर म्हणतात, “हो हो, बघू.”

वहीला सांगते. चौथीत शाळा सुटली, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण वही मध्येच तोंड घालत नाही.

४ मार्च, मंगळवार

साहेबांनी उपाय सांगितला – “बंद करून चालू कर.” एवढं शिकायला सोळा वर्षं शाळा-कॉलेजात घातली.

बंद केला. चालू केला. फोन बंद केला, चालू केला. ती नवीन वायफायची डबी आहे ना, तिची वायर उपटली, परत खुपसली. (असंच करतात म्हणे.) डबीनं लाल डोळा केला, मग हिरवा केला. प्रिंटर सापडला नाही.

मग ह्यांना बोलावलं. ह्यांनी जन्मभर बसच्या इंजिनांत हात घातले. ह्यांचं म्हणणं, “गरम झालं असेल.” गाडी बंद, गरम झालं असेल. मिक्सर बंद, गरम झालं असेल. मला ताप आला तेव्हाही तेच. त्यांनी प्रिंटरच्या बाजूला एक चापट मारली. आतून एक कोरा कागद बाहेर आला. “बघ, येतंय की,” म्हणाले आणि हात झटकून निघून गेले.

६ मार्च, गुरुवार

ही नवीन डबी आली तेव्हापासूनच सगळं बिघडलं, हे मी दहादा सांगितलं. जुनीला काय धाड भरली होती? पण नाही. झालं काय, तर मागे साहेबांची मोठ्या लोकांशी बैठक चालू होती आणि इकडून मी एकदम सात लेबलं सोडली. प्रिंटर लागला खरखरायला. पलीकडचा कोणी हसला म्हणे. आमच्या साहेबांचं नाक असं लाल, जसं काय मी भर सभेत त्याची चड्डी दाखवली. दोन दिवस बोलला नाही. मग नवीन डबी.

आज फोन त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, आधी वर नेटचं जे नाव यायचं त्याच्या शेवटी आता दोनचा आकडा येतो. तो कशाला?

फोनकडे न बघताच म्हणाला, “दोन म्हणजे जास्त वेग, आई. नवीन डबी आहे ना.”

बरं. म्हणजे माझं नेट जास्त वेगाचं. मग प्रिंटर पळून गेला की काय पुढं?

८ मार्च, शनिवार

तोडगा निघाला. तोडगा कसला, नवीन डोकेदुखी. मी लेबल सुनेच्या फोनवर पाठवायचं, तिनं छापून आणायचं. हे तिनंच सुचवलं. “मी आणत जाईन, आई.” मान खाली, आवाज असा की मांजर पण वळून बघणार नाही.

मी तिला गोगलगाय म्हणते. मनातल्या मनात म्हणते, कधी कधी बाहेरही पडतं. दोन वर्षं झाली लग्नाला, अजून मला तिचा पुरता आवाज माहीत नाही. शनिवार-रविवार पोरांच्या शिकवण्या घेते. तिथंही कशी ओरडत असेल देव जाणे. आधी पोरांचे सरावाचे कागद छापायची. आज बघितलं तर बसलीय हातानं लिहीत, खाली कार्बन घालून. म्हटलं, छापत का नाहीस? म्हणे, “हातानं लिहिलेलं मुलांच्या जास्त लक्षात राहतं.”

हौस. दुसरं काय.

१० मार्च, सोमवार

एक लेबल छापायला पाऊण तास! मी दोनला पाठवलं. बाईसाहेबांनी आधी केस विंचरले, चपला घातल्या, पर्स घेतली. “जरा जाऊन येते.” कुठं, तर भाजी. आणली काय, तर कोथिंबिरीची एक जुडी. परत आल्यावर मग लेबल माझ्या हातात. आधी छापून द्यायचं आणि मग जायचं हिंडायला, एवढी अक्कल नको? कुरियरवाला जिना चढत होता तेव्हा मी चिकटपट्टी लावत होते.

आणि लेबलाला मधोमध घडी. त्या काळ्या पट्ट्यांवर घडी चालत नाही, दहादा सांगून झालं.

“घडी कशाला घातलीस?”

“चुकून पडली.”

चुकून बरोब्बर मधोमध पडते.

११ मार्च, मंगळवार

घडी. आज पण.

१२ मार्च, बुधवार

आता कागदही जाड वापरते. पांढरा शुभ्र, कडक. आपल्या घरातला कागद मऊ आणि पिवळट, मला माहीत आहे, मीच आणते. म्हटलं हा कुठला? “होता एक गठ्ठा.” माझ्या पार्सलाला पत्रिकेचा कागद. पार्सल उघडलं की लेबल जातं कचऱ्यात, महाराणी.

ह्यांना सांगितलं, सून तुमची उधळी आहे. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “जाड कागद जास्त टिकतो.” ह्या माणसाला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर गॅरेजमधून येतं.

धाकट्या बहिणीचा फोन होता. मंगळवारी येते म्हणाली, राहायला. तिला सांगितलं, ये, आमच्याकडं जास्त वेगाचं नेट आहे.

१४ मार्च, शुक्रवार

गेलं. पार्सल राहिलं.

दीडला लेबल पाठवलं होतं. दीडला! हिची चपला-पर्सची मिरवणूक निघाली. तीन वाजले. साडेतीन. मी त्या खोलीच्या दारावर थाप मारली, तर साहेब कानात बोंडं घालून हातानं खुणा करतो, जा जा. म्हटलं एक कागद छापून दे. “संध्याकाळी, आई.” संध्याकाळी कुरियरवाला काय माझ्याकडं जेवायला येतो?

चारला कुरियरवाला आला. मी त्याला पाणी दिलं, सरबत दिलं, त्याच्या बायकोची चौकशी केली. किती थांबणार तो? गेला.

साडेचारला ही आली. घामाघूम, पायांवर धूळ, हात रिकामे.

“आई, आज नाही झालं.”

“काय नाही झालं? आठ पावलांवर प्रिंटर आहे!”

तिनं चपला काढल्या. मग मी बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण काही शिल्लक ठेवलं नाही. माहेरापासून सुरू केलं. तुला हे दुकान बंदच पाडायचंय, म्हटलं. सासू मशीनवर बसून कमावते ते खुपतंय तुला. दारात उभ्याउभ्या ऐकलं सगळं. डोळ्यांतून टिपूस नाही. गोगलगाय अन् पोटात पाय, उगाच नाही म्हणत लोक.

संध्याकाळी दुसरी ताकीद आली. आता एकच राहिली.

आणि नेमकी आजच मोठी मागणी आली आहे. एकवीस पार्सलं, जायची सोमवारी चोवीसला. दोन वर्षांत एवढी कधी आली नव्हती. ही एकवीस वेळेवर गेली तर माझं दुकान वरच्या रांगेत दिसेल. नाही गेली तर दिसणारच नाही.

१६ मार्च, रविवार

साहेबांना समोर बसवलं. म्हटलं, सुट्टी आहे, आज हे मिटव. त्यानं माझा फोन घेतला, दोन मिनिटं अंगठा फिरवला, परत दिला. “प्रिंटरला तुझा फोन दिसत नाही, आई. जुना झालाय.”

माझा फोन ह्याच शहाण्यानं मला गेल्या वर्षी दिला. नवा म्हणून.

सून भांडी पुसत होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं. साहेबांनी नुसतं बघितलं. मिटलं तोंड. मी म्हटलं, बघा, दोघांचं संगनमत.

१८ मार्च, मंगळवार

धाकटी आली. पिशव्या ठेवल्या नाहीत तोवर फोन काढला. “काय रे, तुमचं ते वेगाचं नेट दे.”

साहेब खुर्चीत रेलला. असं कोणी विचारलं की ह्याचं पोट दोन इंच पुढं येतं. “मावशी, मी पाहुण्यांसाठी वेगळं नेट ठेवलंय. आलेल्या माणसानं नुसतं बघावं, व्हिडिओ, फोटो, काय हवं ते. पण घरातल्या वस्तू त्याला दिसत नाहीत. माझा कॉम्प्युटर नाही, प्रिंटर नाही. मागे बैठकीत मध्येच प्रिंटर ओरडला होता, इज्जत गेली. आता कुणी काही दाबलं तरी आत पोचत नाही.”

“बरंय बाई,” धाकटी म्हणाली. “आमच्याकडं दाराला कडी नाही अन् तुमच्याकडं हवेला कुलूप.” तिनं आकडे टाकले. “लागलं. ताई, बघ.”

बघितलं. तिच्या फोनवर वर नाव आलं होतं. शेवटी दोन.

मी माझा फोन पदराखाली धरून बघितला. शेवटी दोन.

परत बघितलं. मी चौथी शिकलेय, पण दोनचा आकडा मला वाचता येतो.

उठले. चहा टाकला. साखर दोनदा पडली. साहेबांनी प्यायला तसाच, कळलं नाही त्याला. त्याच्या पाठीकडं बघत होते मी. ह्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा मी विटांवर पाणी मारलंय, हा कमरेवर होता. आणि मी बाहेरची. जास्त वेग!

पण हे त्याच्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. एवढं डोकं त्याला नाही. कान भरणारी घरात आहे. म्हणून तर सुचवलं होतं, “मी आणत जाईन, आई.” स्वतः आत बसायचं, मला दारात उभं करायचं, रोज एका कागदासाठी तिच्या तोंडाकडं बघायला लावायचं. काय बाई धूर्त. आणि आवाज मांजरीचा.

१९ मार्च, बुधवार

धाकटी गेली. सुनेशी आज बोलले नाही. तिनं लेबल आणून दिलं. घडी घातलेलं.

उद्या तिचा फोन हातात घेते. तिच्या नेटचं नाव दोनाशिवायचं निघू दे, मग बघते.

२० मार्च, गुरुवार

मागितला. मुकाट्यानं दिला. वर तेच नाव. शेवटी दोन.

“तुलाही?”

“मला आधी. डबी लावली त्याच दिवशी. सगळ्यांसाठी तसंच आहे म्हणाले, आईला सांगू नकोस, उगाच डोक्यात घेईल.”

लेबलं चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून यायची. रोज चालत. पर्समध्ये मावावं म्हणून घडी. शुक्रवारी त्याचं दुकान बंद, म्हणून उन्हात बाजारापर्यंत गेली, तर तिथली वीज गेलेली. मी म्हटलं, मला सांगायचं नाहीस? माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, “तुम्ही ऐकलं असतंत?” आवाज चांगला मोठा आहे तिचा.

सकाळपासून आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलोय. पाहुण्या चुलीपाशी जात नाहीत, कुणाचे शर्ट इस्त्री करत नाहीत. ह्यांनी चहा करून आणला, नुसतं तपकिरी पाणी. सून तोंड वाकडं न करता प्यायली. एकला आतून हाक आली, “आई, जेवण?” तोंडानं उत्तर दिलं नाही. त्याच्याच जास्त वेगाच्या नेटवरून लिहून पाठवलं:

आम्ही दोघी घरच्या की पाहुण्या? सोमवारी एकवीस पार्सलं आहेत. रविवारी दुपारी बारापर्यंत सांग. तोंडी नको. दोघींच्या फोनला प्रिंटर दिसला पाहिजे.