पाणी प्यायला येणाऱ्या माश्या

६ ऑक्टोबर, सोमवार. शिरपूर

प्रदीपला आज वाशीमच्या दवाखान्यातून घरी आणलं. डोळे अजून सुजलेले, तरी हसतो. "काहून रडून राह्यली? मेलो का मी?" म्हणे. मेलाच होता की! मागच्या अंगणात हात धुताना मनगटाला काहीतरी चावलं, आणि चहाला उकळी येईस्तोवर नवरा माझा फरशीवर आडवा. ओठ निळे. घशातून शिट्टीसारखा आवाज. तो आवाज काही कानातून जात नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? मी म्हटलं, माशी. कोणती? आता माशी ती माशी! ते चिडलेच. "मधमाशी की गांधीलमाशी, की आणखी काही? पुढच्या वेळी याहून वाईट होईल आणि वाशीमपर्यंत पोचायला वेळ मिळणार नाही. कशापासून जपायचं ते आधी शोधा." आमच्या जैनाच्या घरात मधाची बाटलीसुद्धा कधी आली नाही, मला काय कळतंय त्यातलं.

इंजेक्शन दिलंय जवळ ठेवायला. मांडीत टोचायचं. मी टोचायचं!

७ ऑक्टो., मंगळ.

वांग्यात सुई टोचून सराव केला. वांगं बिचारं काही बोलत नाही, प्र. ओरडेल.

रेखाताईंना फोन केला. प्र.ची मोठी बहीण, वाशीमला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. म्हणाल्या, "जे दिसंल त्याचा फोटो पाठव. मी सांगतो तुले." दुपारी झेंडूवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक दिसली. हवेत जागच्या जागी थांबलेली. मी किंचाळले, प्र.ला आत ढकललं, दार लावलं, मग खिडकीतून फोटो काढला. उत्तर आलं: ती फूलमाशी. डंखच नाही तिला. पट्टे नुसते घाबरवायला. दोनच पंख, डोळे डोकंभर, मिशा एवढ्याशा.

मग आम्ही घाबरलो ते बरोबरच, त्यासाठीच तर पट्टे.

९ ऑक्टो., गुरु.

आज वाईट झालं माझ्या हातून. देवघराच्या खिडकीत मातीचं घरटं दिसलं. त्यावर काळी, बारीक कमरेची एक बसलेली. हीच! आई (सासूबाई) मंदिरात होत्या. ती उडून गेली तशी मी उलथन्यानं घरटं खरवडलं. आत मऊ हिरव्या अळ्या कोंबलेल्या, आणि एक पांढरं पिल्लू, वळवळणारं. जन्मात मुंगीवर पाय दिला नाही मी.

ताईंचं उत्तर: "अवं ती कुंभारमाशी. एकटी राहते, कोणाच्या वाटंले जात नाई. आपण होऊन चावत नाई."

आईंना खिडकीखाली माती दिसली. कपड्यानं गोळा करून झाडाखाली ठेवून आल्या. मग एवढंच: "तिनं काय केलतं वं तुह्यं?"

माझा नवरा मरता मरता वाचला, हे त्यांना दिसत नाही का? त्यांचाही मुलगाच ना तो? राग आला. रडलेही.

११ ऑक्टो., शनि.

आता मला सगळं उडणारं दिसतं. पूर्वी काही दिसत नव्हतं. काळा जाडा भुंगा वाशाला भोक पाडतो, तो नाही. मधमाशी अंगानं लवदार, मागच्या पायांना पिवळे गोळे. तिचा काटा कातडीत राहतो. प्र.च्या मनगटात काटा नव्हता, डॉक्टर म्हणाले. पण चोळताना पडलाही असेल, कोण सांगणार?

गांधील. कंबर अगदी दोऱ्याएवढी. बसली की पंख लांबट घडी घालून. उडताना मागचे पाय खाली लोंबतात. ताई म्हणतात पाय बघ, पाय विसरू नको. ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. हे वाचल्यापासून जेवण जात नाही.

प्र. दुकानात जायला लागला. दिवाळीचा किराणा, ऐकतो कुठे. "घरात बसून माशीले घाबरू का आता? लोक हासतीन." हसू दे! मी इंजेक्शन पिशवीत घालून त्याच्या मागे मागे. गिऱ्हाईक विचारतात, वहिनी आज दुकानात कशा?

१४ ऑक्टो., मंगळ.

सापडली.

मागच्या अंगणात नळाजवळ आई मातीची थाळी ठेवतात, गाळलेल्या पाण्यानं भरून. कडेला ओली चिंधी, कोणी जीव पाण्यात पडला तर धरून वर यावा म्हणून. पडलेल्यांना बोटावर काढून भिंतीवर सुकवतात. वर्षानुवर्षं हेच. ऑक्टोबरचं ऊन, आजूबाजूला सगळं सुकलेलं, मी खिडकीत बसून थाळीकडे बघत होते. मधमाश्या आल्या. मग ती. विटकरी-पिवळी, पाय लोंबत, चिंधीवर उतरली, पंख मिटले, पाणी प्याली, गेली. मग दुसरी. तिसरी. रांगच म्हणा. फोटोवर ताईंचं एकच वाक्य: "हीच गांधील. पोयं जवळ असंल, सांभाळ." म्हणजे पोळं इथंच कुठेतरी.

प्र. हात धूत होता तो नळ आणि थाळी यांच्यात वीतभर अंतर आहे.

१५ ऑक्टो., बुध.

आईंना सांगावंच लागलं. कसं सांगायचं, रात्रभर तेच. शेवटी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "हिले तर मी परवा पाण्यातून काहाडलं होतं." मग थाळीकडे बघून, "म्हंजे मीच पाजलं वं तिले? माह्या पोराले चावली ते मीच…"

मी म्हटलं, तसं नाही आई. पण तसंच होतं ना. त्यांनी थाळी उचलली, पाणी तुळशीत ओतलं, थाळी पालथी घालून ठेवली. मग मोरीत जाऊन बसल्या. आतून कडी लावली. मला त्यांचीच भीती वाटायला लागली.

१७ ऑक्टो., शुक्र.

थाळी नसली तरी नळाशी ओल आहे, येतातच. एकीच्या मागे नजर लावून बसले. ती कौलावरून पुढच्या बाजूला, दुकानाकडे गेली. रस्त्यावर गेले, वर पाहिलं. दुकानाच्या शटरवर पत्र्याची पेटी आहे ना, शटर गुंडाळून जातं ती. तिच्या आतल्या अंगाला राखाडी कागदी पोळं, तळहातापेक्षा मोठं, माश्यांनी भरलेलं. खाली प्र.ची गादी. त्याचं डोकं. तो मान खाली घालून गूळ मोजत होता.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याला हाताला धरून उठवलं. त्यानं पाहिलं आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, त्याचं हसू गेलं. "रोज शटर वर करतो मी," एवढंच म्हणाला.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी

शटर बंद. बाजूच्या दारातून थोडा माल विकला. लोक विचारतात. प्र. म्हणतो दिवाळीत शटर बंद म्हणजे गावाला वाटेल बुडाला हा. दिवाळीची पूजा गादीवरच होणार, धूप, दिवे, सगळं तिथंच. त्या पोळ्याखाली धूर! मी हात जोडले. "बापाच्या गादीवर पूजा नाई करू तं कुठं करू?"

ताईंना विचारलं, धुरानं जातील का. मोठ्या उडून जातील, म्हणाल्या, पहाटे सुस्त असतात. पण पोळ्यातली पिल्लं उडत नाहीत. थंडी पडली की आपोआप सोडून जातील, तोवर थांबवत असेल तर थांब.

थांबवत नाही.

२० ऑक्टो., सोम.

उद्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू, भगवंतांच्या मोक्षाचा. सकाळी पूजेआधी शटर उघडायचंच, असं प्र.नं ठरवलं. समजावून थकले. पहाटे पोळ्याखाली धूर करायला मी गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला बादलीत भरून जिन्याखाली ठेवला, वर जुनं पोतं टाकलं. आईंच्या डोळ्यांपुढूनच नेली, लपवायची तरी कशी बादली.

आई सूर्य मावळायच्या आत जेवायला बसल्या. मी वाढत होते. म्हणाल्या, "उद्या मी पहाटेच मंदिरात जातो. येवाले उशीर होईन." मी म्हटलं, लाडू तुमच्यासाठी ठेवू? "नको. उद्या माहा उपास हाये."

वर्षाच्या त्यांच्या सगळ्या उपासांत हा दिवस कधी नव्हता. मी विचारलं, कशाचा हो आई? त्यांनी ताट बाजूला सारलं. भात तसाच. मग माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला, थंडगार. "तू लहान हायेस. त्या पिल्लायसाठी तू नको धरू," म्हणाल्या.

मी इंजेक्शन बादलीजवळ आणून ठेवलंय. गजर लावलेला नाही, झोप काही येणार नाही.