बाबांच्या वायरींसाठी डबा

मंगळवार, ४ मे

दादाच्या गाडीची लिफ्ट आज अधांतरी थांबली. वर चिमणी, तिच्या चाकांच्या खुर्चीसकट — ना धड गाडीत, ना धड जमिनीवर. केंद्रात व्यायामाला जाणाऱ्या मुलांची दादा ने-आण करतो, त्यातली ही सगळ्यात लहान. नशीब, आमच्याच दारात अडकली. रडली नाही. "काका, मी आता इथंच राहायचं का?" एवढंच विचारलं. रडायच्या बेतात होता तो दादा.

बाबांना हाक मारली, लिफ्टची वायरिंग त्यांचीच. आले, मागच्या सीटखाली आडवे झाले, हात आत घातला आणि डोळे मिटून घेतले. नुसते चाचपत होते. थोड्या वेळाने लिफ्ट सुरसुर खाली आली. डोळे मिटून काम करतात आमचे बाबा! ऊर भरून आला माझा.

पण संध्याकाळी मी नावाच्या पाट्या करते त्या खोलीत दादा आला आणि दार लोटून घेतलं. "बाबांची वायरिंग उपटून टाकतो. कंपनीचा माणूस नवी घालून देईल. पोरगी वरून पडली असती तर?" मी हातातली करवत ठेवली आणि भांडले. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच भांडले.

बुधवार, ५ मे

आज स्वतः सीटखाली डोकं घातलं. आत कावळ्याचं घरटं! वायरी, त्यांच्यावर चिकटपट्ट्या, आणि प्रत्येकीवर कसले तरी तेलकट दोऱ्याचे तुकडे, गाठी मारलेले. वर मुलांचे बूट. दादा रोज गाडी धुतो ते पाणी थेट तिथं. म्हणजे दोष वायरींचा नाहीच — त्यांना घर नाही, हा दोष.

दादा म्हणाला, बाजारातले डबे बघून झाले, सगळे चौकोनी. आणि इथं एका बाजूला चाकाचं टेंगूळ, दुसरीकडे सीटचा पाय, जागा तिरपी. मी म्हटलं, मग मी करते. नावाची पाटी काय, डबा काय, प्लास्टिक तेच. "पाटीवाली इलेक्ट्रिशियन झाली," म्हणाला, पण ऐकलं त्याने. केंद्राला आता सुट्टी, सतराला उघडेल. तोवर लिफ्ट बिनबोभाट चालली तर बाबांची वायरिंग राहील. नाहीतर कंपनीचा माणूस. बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं.

मी एवढी का इरेला पेटले, ते इथं लिहून ठेवते. आई गेली आणि काही महिन्यांत बाबांनी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद केलं. गुडघे म्हणे. तेव्हापासून त्यांच्या हाताखाली ही एकच गाडी उरलीय. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून लिफ्ट तपासायला जातात, जसं काही लग्नाला निघालेत. तेही काढून घेतलं तर त्या शर्टाचं काय करायचं?

शनिवार, ८ मे

पहिला डबा वाया गेला.

पुठ्ठ्याचा नमुना सुरेख जमला होता. टेंगळाच्या अंगानं कापत कापत बसवला, अगदी पायात मोजा. मग काळ्या जाड शीटवर उतरवला, कापला, गरम हवेच्या बंदुकीने रेघेवर तापवला आणि वाकवला. पाटी करताना आपण सरळ कापतो आणि सुटतो — वाकवताना कोपऱ्यात किती प्लास्टिक खर्ची पडतं, ते धरलंच नाही. झाकण बसेना. घाईत पुन्हा तापवला तर पापडासारखे फोड आले. आदळला.

बाबा स्टुलावर बसून बघत होते. त्यांना वाटतंय, डबा फक्त पाण्यापासून बचावासाठी. "भोक वर नको पाडूस, खाली पाड. आणि वायर थोडी ढिली सोड, झोळी होऊ दे. पाणी वायरीवरून येतं ना, ते झोळीत गळून जातं, आत चढत नाही." भोकाला रबराची कडी लावायची मला सुचलं. त्यांनी मान हलवली. बरं वाटलं.

मग विचारलं, झाकण लाल करू की हिरवं? दोन्हीचे तुकडे समोर धरले. "लाव कुठलंही. सारखंच आहे." मला राग आला. आपण जीव तोडून काम करावं आणि यांनी "लाव कुठलंही"!

आई असती तर तासभर चर्चा झाली असती. दुकानात बाबांच्या शेजारी बसून असायची, वायरी द्यायला. तोंडाची टकळी अखंड. "ही घ्या लाल, ही घ्या हिरवी, ही बाई तपकिरी, जरा रुसलेली दिसते." आम्ही तिला रेडिओ म्हणायचो. बाबा "बास गं" म्हणायचे, पण कधी बंद केला नाही त्यांनी तो रेडिओ.

सोमवार, १० मे

दुसरा डबा — बसला! टेंगळाला घट्ट, सीटच्या पायाला बोटभर जागा सोडून. झाकण लाल. बूट पडायला नको म्हणून लांबून दिसणारं.

मंगळवार, ११ मे

सकाळभर वायरी डब्यात लावत होते. आधी एकेक स्पिरिटने पुसली. ते कळकट दोरे कात्रीने काढून टाकले, केराच्या बादलीत. मग रंगाप्रमाणे जुड्या बांधल्या — लाल लालशी, हिरव्या हिरव्यांशी. इतकं देखणं झालं की झाकण लावायला जीव होईना. दादासुद्धा म्हणाला, "कंपनीचं असं नसतं गं." आंधळ्यालासुद्धा कळेल असं सोपं करून ठेवलंय बाबांसाठी, म्हटलं.

बटण दाबलं. लिफ्ट उतरली. वर चढेना! पुसताना कुठलातरी जोड निसटला असणार माझ्याकडून. दादाने माझ्याकडे बघितलं. उद्या बाबा बघतील, मी म्हटलं.

बुधवार, १२ मे

बाबांनी झाकण उघडलं. हात आत घातला, डोळे मिटले. हात फिरत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागे. मग डोळे उघडले.

"दोरे कुठं गेले?"

"काढले बाबा, किती घाण होते. आता रंगांप्रमाणे आहे, बघा ना. लाल एका जुडीत, हिरव्या एका जुडीत."

बघत राहिले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "छान केलंयस," म्हणाले. "उद्या बघू." आणि उठून घरात गेले. गुडघ्यांना धरून, एकदम म्हाताऱ्यासारखे.

दादा म्हणाला, "बघ. मी म्हणत नव्हतो? होत नाही आता त्यांच्याने." मग मी स्वतः प्रयत्न केला तर दिवाच गेला लिफ्टचा. कुठली वायर कुठे जाते ते बाबांशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि दोन लाल वायरी मला दोन लाल वायरीच दिसतात.

गुरुवार, १३ मे

बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणे. दादाने कंपनीच्या माणसाला फोन केला, सोमवारी सकाळी येतोय.

शुक्रवार, १४ मे

एका शिवणाऱ्या बाईंची पाटी करत होते. त्यांचा हट्ट — लाल फळीवर हिरवी अक्षरं. डोळ्यांना बोचतं, पण गिऱ्हाईकाची आवड. शेवटचं अक्षर चिकटवून पाटी उभी केली, तोच बाबा चहाचा कप घेऊन आत आले. पाटीपुढे थांबले. "कोरीच आहे अजून. अक्षरं कधी लावणार?"

मला वाटलं थट्टा. मी हसणार होते. त्यांचा चेहरा बघितला. थट्टा नव्हती.

"लावते आता," मी म्हटलं.

ते गेले आणि मला झाकणाचे ते दोन तुकडे आठवले. लाव कुठलंही, सारखंच आहे. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या आणि चालवायला कधी शिकले नाहीत — सिग्नल! आणि डोळे मिटून काम करतात म्हणून मी कौतुक करत होते. डोळ्यांचा तिथं उपयोगच नव्हता. म्हणून दोरे, म्हणून गाठी. एक गाठ चढायची, दोन गाठी उतरायची, असं काहीतरी. रंग वाचून दाखवायला आई, आणि एकदा गाठ मारली की मग कुणाचीच गरज नाही. आई गेली, नव्या गाड्यांचे रंग कोण वाचून देणार? गुडघे नव्हतेच ते. ही एक गाडी त्यांना बोटांनी पाठ होती, आणि मी ती पुसून काढली. स्पिरिटने!

खूप रडले. वाईट याचंही वाटलं की आईला सांगितलं, मला नाही. मग वाटलं, मी तरी कुणाला सांगितलं असतं? वायरिंग करणाऱ्याने लाल-हिरवं कळत नाही म्हटलं तर दुकानाची पायरी कोण चढेल?

विचारणार नाही. त्यांनी झाकून ठेवलंय ते झाकलेलंच राहू दे.

शनिवार, १५ मे

जाड दोऱ्याचं रीळ आणलं. बाबांना म्हटलं, "मी सगळा घोळ घालून ठेवलाय. जुने दोरे होते तेच बरे होते. उद्या परत बांधून द्या, मी वायरी देते हातात." बराच वेळ रिळाकडे बघत होते. "गुडघे..." म्हणाले. "उशी घेते गुडघ्यांखाली," मी म्हटलं.

रविवार, १६ मे

इस्त्रीचा शर्ट!

दादाला पिटाळलं होतं, टायरमध्ये हवा भरून आण, जवळच्या पंपावर नको, लांबच्या. त्याला शंका आली, पण गेला. गाडी तर इथंच, मग हवा कशात भरायची, हे त्याला कोपऱ्यावर गेल्यावर कळलं असणार.

मी टॉर्च डब्याच्या तोंडाशी धरला आणि सुरुवात केली. "ही घ्या लाल. ही बघा तिची बहीण, लालच, पण हिच्यावर पांढरी रेघ. ही हिरवी, बारीक, अंगात जीव नाही हिच्या. ही तपकिरी, चहात बुडवल्यासारखी." मला जमेना आधी, लाज वाटत होती. मग जमलं. बाबा प्रत्येक वायर शेवटपर्यंत बोटांत घेऊन जायचे, कुठं जाते ते बघायचे, "हं" म्हणायचे, गाठ मारायचे. निसटलेला जोड त्यांना तिसऱ्याच वायरीवर सापडला. तरी थांबले नाहीत, सगळ्या बांधल्या. मी बडबडत राहिले. एकदा मध्येच त्यांचा हात थांबला, माझ्याकडे बघितलं. मग "पुढची" म्हणाले.

लिफ्ट चढली. उतरली. परत चढली. दिवाही लागला. दादा परत आला तोपर्यंत मी लाल झाकण लावून स्क्रू पिळत होते. त्याने स्वतः लिफ्टवर उभं राहून तीनदा वर-खाली केलं, वर बादलीभर पाणी ओतून बघितलं. डब्यात थेंब नाही. मग गाडीआड जाऊन फोन केला. उद्या येऊ नका, एवढंच ऐकू आलं मला.

सोमवार, १७ मे

चिमणी आज केंद्रात गेली. वर जाताना दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवत होती.

गाडी वळल्यावर बाबा दारातच पायरीवर बसले. "तुझी आई अशीच बडबडायची. लाल घ्या, हिरवी घ्या." मग म्हणाले, "मी तिला कधी सांगितलंच नव्हतं गं."

मी म्हटलं, "मला तरी कुठे सांगितलंत?"