कागदी सदस्यांस प्रवेश नाही

३ जानेवारी १९९९, सातारा
संकल्प : या वर्षी संगणकाचा डिप्लोमा पास व्हायचाच. साहेबांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं, ऑफिसात कॉम्प्युटर येणार. डिप्लोमावाला इथे कॉम्प्युटर रूममध्ये बसेल आणि एकाला आटपाडीच्या ऑफिसला जावं लागेल. आटपाडी म्हणताना माझ्याकडे बघत होते. सहज असावं. बायको, उमा, इथल्याच शाळेत शिकवते. ती म्हणाली, तिकडे गेलात तर एकटे जा. मी म्हटलं, प्रश्नच येत नाही.
पोस्टाने पुस्तकं आली आहेत. कव्हरं घालून झाली.

१७ जानेवारी
या कोर्सला वर्ग नाही, मास्तर नाही. त्यामुळे पोवई नाक्यावर पुष्करच्या सायबर कॅफेत बसून मी ईमेलचा ग्रुप काढला. एकाने मेल टाकली की सगळ्यांना जाते, सगळ्यांनी मिळून शिकायचं. साताऱ्याची भार्गवी आली, सांगलीत विश्रामबागला खोली करून राहणारा शिवतेज आला, आणखीही बरेच. नियंत्रक मी. कुणी नेमलं नाही, पण कुणीतरी असायला हवं.
अभ्यास उद्यापासून.

१४ फेब्रुवारी
ग्रुप जोरात. भार्गवीने एक प्रोग्राम टाकला, शिवतेजने त्यातली चूक काढली, तिने त्याचे आभार मानले. चूक काढल्यावर आभार? माझ्या ऑफिसात मेमो मिळाला असता. मी मेल टाकली : 'चर्चा योग्य दिशेने चालू आहे. नियंत्रक.' त्यावर कुणी काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं उरलंच नव्हतं.
अभ्यास : नियमावलीचा मसुदा सुरू. तीन नियम झाले.

२२ मार्च
धक्का. आज उलगडा झाला की हा शिवतेज मूळचा आटपाडीचा. सगळ्यांच्या मेलच्या प्रिंट काढतो आणि शनिवारच्या एसटीने गावी नेतो. तिथे ज्यांनी इंटरनेट बघितलेलंसुद्धा नाही असले विद्यार्थी स्टँडच्या कँटीनमध्ये बसून ते कागद वाचतात. कडेला पेन्सिलीने उत्तरं लिहितात. सोमवारी हा विश्रामबागला येऊन ती टाइप करतो. त्यांची म्होरकी रेश्मा नावाची बालवाडीची बाई. कॉम्प्युटर नाही, म्हणून म्हणे प्रोग्राम वहीवर चालवून बघते. म्हणजे आमचा ऑनलाइन ग्रुप अर्धा एसटीने चालतो. लाज वाटली.
तिचा आजचा प्रश्न : 'पॉइंटरमध्ये पत्ता असतो म्हणतात, मग त्या पॉइंटरला सोताचा पत्ता असतो का न्हाई?' इतका प्राथमिक प्रश्न. असल्या प्रश्नांनी दर्जा घसरतो. मी उत्तर दिलं नाही.
(पुस्तकात पाहिलं. पॉइंटर म्हणजे प्रकरण सात. सावकाश वाचावं लागेल.)

२३ मार्च
भार्गवीने रेश्माला भलंमोठं उत्तर लिहिलं. शिवतेजने त्यात भर घातली. त्यावर आटपाडीहून पुन्हा प्रश्न येतील, मग पुन्हा उत्तरं. हे लोक एकमेकांना किती वेळ देतात. मी वरवर चाळलं. नियंत्रकाने एका बाजूला झुकू नये.

५ एप्रिल
नियम चार केला : 'ज्यास स्वतःचा ईमेल नाही तो सदस्य नाही. कागदी सदस्यांस प्रवेश नाही.' पुष्करकडून सोय करून घेतली. सदस्य नसलेल्या कुणाचीही मेल आली की तिला माझ्या सहीचं छापील उत्तर आपोआप जाईल. मला बघावंसुद्धा लागणार नाही. याला म्हणतात कॉम्प्युटर.
शिवतेजने लगेच कळवलं की आटपाडीत फोन धड लागत नाही, तिथे ईमेल कुठून काढायचा. आणि रेश्मानेच त्याला अर्धं पुस्तक समजावलंय. कागद नेणं थांबवणार नाही म्हणाला. नाइलाजाने त्यालाही काढलं.
मनाला थोडं लागलं. नियम म्हणजे नियम.

१६ मे
ग्रुपवर शांतता. सगळे अभ्यासाला लागले, शिस्तीचा परिणाम. मी दर रविवारी एक प्रेरणादायी मेल टाकतो. प्रकरण सात उद्या.
उमा म्हणाली, "शाळेत असता तर मॉनिटर झाला असता. पास नाही." चेष्टा करते. हसली मात्र नाही.

२० जून
राजवाड्याजवळ भार्गवी भेटली. हातात प्रिंटचा गठ्ठा, कडेला पेन्सिलीची अक्षरं. विचारलं, ग्रुपवर दिसत नाहीस. चाचरत म्हणाली, सर, आम्ही दुसरा ग्रुप काढलाय, तिकडे बोलणं होतं. सगळे आहेत का विचारलं. सगळे आहेत म्हणाली. माझ्याकडे न बघता.
म्हणजे उपसमिती झाली. वाढत्या संस्थेत होतं असं. मुख्य ग्रुप आपलाच.
जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

१८ जुलै
विश्रामबागला परीक्षा. प्रश्न दुसरा, सक्तीचा : पॉइंटर. 'पॉइंटर हा आधुनिक संगणकाचा कणा आहे' अशी दणदणीत सुरुवात करून दीड पान लिहिलं. पुढच्या बाकावर एक बाई मान खाली घालून सारखी पुरवणी मागत होती. बाहेर आल्यावर शिवतेजने ओळख करून दिली. रेश्मा.
"आवं सर, तुमीच का ते नियंत्रक?" म्हणाली. राग नव्हता आवाजात. राग असता तर बोलता आलं असतं.
पेपर उत्तम.

१४ सप्टेंबर
निकाल. भार्गवी पास, शिवतेज पास, रेश्मा पहिल्या वर्गात. मी नाही. तपासणी फार कडक झालेली दिसते.
कॉम्प्युटर रूमला भार्गवीला हंगामी घेतलं. साहेबांनी बदलीचा कागद स्वतः हातात दिला. म्हणाले, हवा कोरडी आहे, तब्येतीला चांगली.
उमाने बॅग भरून दिली. वर लोणच्याची बरणी ठेवली. चिडली असती तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, आटपाडी
ऑफिसच्या मागे खोली. डबा येतो. इंटरनेट नाही, फोन बहुधा बंद. संध्याकाळी फार एकटं वाटतं, घर आठवतं. इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगणार?
संकल्प : पुढच्या परीक्षेत पास होऊन साताऱ्याला परत जायचं. प्रकरण सात काढलं. मिटलं.

१६ ऑक्टोबर
शनिवार. स्टँडच्या कँटीनमध्ये गेलो. चहासाठी. कोपऱ्यात रेश्मा नव्या पोरापोरींना शिकवत होती. शिवतेज एसटीतून उतरला, काखेत गठ्ठा. मला बघून दोघांनी जागा केली. बसा म्हणाले. रेश्माने कागद-पेन्सिल पुढे सरकवली, काय अडलंय ते लिवा, शिवतेज न्हील.
मी स्पष्ट सांगितलं, प्रश्न अधिकृत ग्रुपलाच जाईल. माझ्या.
शिवतेज म्हणाला, "सर, आमच्याच ग्रुपला टाकू का? तुमच्या ग्रुपवर आता कोण न्हाई." मी म्हटलं, नियमाने चला. त्याने पेन्सिलीला टोक काढून दिलं.
मग लिहिलं. खूप वेळ लागला. 'पॉइंटरमध्ये पत्ता असतो हे मान्य. मग त्या पॉइंटरला स्वतःचा पत्ता असतो का?'
कागद देताना तो प्रश्न कुठेतरी वाचल्यासारखा वाटला.

२३ ऑक्टोबर
उत्तर आलं. शिवतेजने प्रिंट दिली आणि चहाच्या कपात बघत बसला.
'महोदय, नियम चारनुसार कागदी सदस्यांस प्रवेश नाही. स्वतःच्या ईमेलवरून अर्ज करावा. कळावे. गंगाधर, नियंत्रक.'
दोनदा वाचलं. रेश्मा हळूच म्हणाली, "सर, बसा. मी सांगते, सोपं हाय." पोरं सरकली. बाकावर जागा होती.
मी म्हटलं, नको. नियम आहे.
खोलीवर येऊन पुन्हा वाचलं. मसुदा चांगला आहे. कुठेही चूक नाही.