कांदाचाळीचा अर्धा अंश

नाशिक रोड
१२ जून १९९८

तीर्थस्वरूप मामांस किशोरचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल, असे लिहून झाले आणि मग आठवले की मांडीचे हाड मोडून आपण सटाण्यात खाटेवर आहात. (खोडणार होतो, पण मामी म्हणतील, पत्रातही घाण केली.) मामींनी दोन बातम्या कळवल्या. तुम्ही यापुढे काठीशिवाय चालणार नाही, ही एक. दुसरी, भाच्याचे गणित चुकणार नाही, भिमाजी वेल्डरनेच कांदाचाळीचे छप्पर बिघडवले, त्याला तालुक्यात कुणी काम देऊ नये, असा निरोप तुम्ही सगळीकडे धाडलात. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

चाळीच्या छपराची उंची पाच फूट, अर्धी रुंदी दहा. संगणकाच्या सी भाषेत अशा मापांवरून कोन काढणारे तयार फंक्शन असते, उलट टॅन्जंटचे. त्याने उत्तर दिले ०.४६. मी म्हटले, म्हणजे अर्धा अंश. आता कळते की ते उत्तर अंशांत नसतेच, रेडियन नावाच्या दुसऱ्याच मापात असते. त्याचे अंश केले की साडेसव्वीस होतात. संगणकाच्या क्लासात सरांनी हे शिकवले तेव्हा मी वर्गातच होतो (प्रिंटर कसा करकरतो ते पाहत). छापील उत्तराला तुम्ही कुंकू लावून कागद भिमाजीच्या हाती दिलात. कुंकू लावलेल्या कागदाशी वाद कोण घालणार? पुढे रोहिणीच्या पावसाचे पाणी त्या सपाट पत्र्यांवर पंगतीला बसल्यासारखे बसून राहिले. खाली कांदा सडला, आणि पाणी लोटायला खराटा घेऊन वर चढलेले तुम्ही घसरलात.

तर मामा, दोष यंत्राचा आहे. आणि भिमाजीनेही तेव्हा बोलायला हवे होते. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
किशोर

ता. क. वरचे भिमाजीबद्दलचे वाक्य खोटे आहे. तो बोलला होता, तीनदा. "पाणी कुठं जाईल?" एवढेच विचारत होता. मी त्याला विचारले, शाळा किती शिकलास? मग त्याने कागदावर माझी सही मागितली आणि मी ती ऐटीत केली.

ता. क. दुसरा. परवा तो एस.टी.ने इथे आला. मला वाटले, मारायला. त्याने तो कागद माझ्या हातात ठेवला. "मामा तुमचं नाव घेऊन दिवस काढत्यात. हे पाहिलं तर त्यांना लय लागंल," म्हणाला आणि चहा न घेता गेला. मला फार लाज वाटली.

कागद सोबत जोडला आहे. खाटेभोवती माणसे बसलेली असतील तेव्हा मामींना तो मोठ्याने वाचायला सांगा, खालच्या सहीसकट.