धुळाजीच्या नावाचं सर्टिफिकेट

७ एप्रिल २०२५, सोमवार. पाटोदा
आले बाई एकदाची! परळीत जन्मभर वीज केंद्राची राख बसलेले कपडे झटकून घातले, इथली हवा म्हणजे चैनच. खोलीमालकीण वच्छलाबाईंनी आल्याआल्या पिठलं-भाकरी वाढली आणि इंजिनिअर झालीस तर लग्न का नाही केलंस, तेही विचारून घेतलं.

काम पाणीयोजनेच्या ऑफिसात. अकरा गावांच्या विहिरींवर मोटरच्या पेट्या आहेत. ऑफिसातून हुकूम गेला की तिकडे मोटर सुरू. गेल्या वर्षी कुणीतरी बाहेरून यात घुसून मोटर चालू केली. विहिरीत उतरून जाळी साफ करणारा वॉलमन करंट लागून गेला. असं पुन्हा होऊ नये म्हणून मला बोलावलंय. काम मनापासून आवडलं.

८ एप्रिल
हेडक्लार्क रामहरीकाकांना सगळं समजावलं. प्रत्येक पेटी आपली गुप्त किल्ली आपणच बनवते, ती पेटीबाहेर येत नाही. तिची उघडी जोडीदार किल्ली तेवढी, पेटी सांभाळणाऱ्या वॉलमनच्या नावासकट, माझ्याकडे येते. मी ऑफिसच्या हजेरीच्या यादीत नाव बघते आणि सही करते, झालं सर्टिफिकेट, म्हणजे पेटीचं ओळखपत्र. एलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणितातून बनणाऱ्या या किल्ल्या आखूड असतात, म्हणून या जुनाट पेट्यांनाही झेपतात. पुढे बोलणं सुरू करताना पेटी आणि ऑफिसातला सर्व्हर मनात एकेक आकडा धरतात, एकमेकांना सांगत नाहीत, तरी दोघांकडे एकच किल्ली तयार होते. मधे कान लावणाऱ्याला काही कळत नाही. काका म्हणाले, "नवरा-बायकोवानी हाय की हे!"

पेट्या अकरा, विनंत्या आल्या बारा. धुळाजी हे नाव दोनदा. कुणी बटण दोनदा दाबलं असेल म्हणून मी दोन्हींवर सही ठोकली.

१० एप्रिल
धुळाजीच्या विहिरीवर गेले, तर भेटली बायडाबाई. धुळाजी तिचा नवरा. गेल्या वर्षी गेलेला वॉलमन तोच! काम ती करते, हजेरी अजून त्याच्याच नावावर लागते. यादी बदलायचं कुणी मनावरच घेतलं नाही. आणि मी यादी बघून मेलेल्या माणसाची ओळख पटवून मोकळी झाले. स्वतःचा राग आला.

"माझं नाव कुठंच न्हाई, बाई," ती म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या नावाचं सर्टिफिकेट करून देते. लई खूश झाली.

दुसरी विनंती कुठून आली असेल म्हणून विहिरीवरच्या आधीच्या पेटीचं विचारलं. ती धुळाजीसोबतच पाण्यात पडली होती. माणूस काढला, पेटी सापडली नाही.

१४ एप्रिल, सोमवार
जयंतीची सुट्टी. रस्त्यावर मिरवणूक, ऑफिसात मी एकटी. अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरा धुळाजी जोडला गेला. ओळख पटली, किल्ली ठरली. पंधरा मिनिटं नुसता जोडलेला राहिला, मग गेला.

बायडाबाईला फोन केला. तेवढा वेळ ती विहिरीत होती. दर सोमवारी अकराला उतरते. धुळाजीही तेव्हाच उतरायचा.

मला भीती वाटतेय.

१५ एप्रिल
धुळाजीची दोन्ही सर्टिफिकेटं रद्द केली. बायडाबाईची पेटी बंद पडली. दुसरी पुन्हा जोडली गेली. तिचं आणि सर्व्हरचं काय बोलणं चालतं ते मला वाचता येत नाही. मीच तशी सोय करून ठेवलीय.

१७ एप्रिल
सही करायची माझी किल्लीच पुसून टाकली. सर्व्हरला सांगितलं, माझी सही कुठेही मानू नकोस. अकराही पेट्या गप्प झाल्या. गावं हाताने मोटरी चालवतायत, काका चिडलेत. आता बायडाबाईचंही सर्टिफिकेट होणार नाही.

तो जोडलेलाच आहे.

१९ एप्रिल
सर्व्हर बंद करून पाहिला. चालू केला की पहिला तोच. काही मागत नाही. वाट बघतोय. मी त्याला आत घेतलं, आणि बाहेर काढणं—

२१ एप्रिल, सोमवार. विहिरीवर
उतरू नका म्हणून बायडाबाईच्या पाया पडले. जाळी गाळाने भरलीय, गाव पाण्याविना राहील म्हणाली. "तुमी हायेत ना वर." मोटरचे तिन्ही फ्यूज काढून ओढणीत बांधले. मग ती उतरली. मी काठावर बसून लिहितेय.

अकरा दहा. काकांचा फोन. स्क्रीनवर तेरावी विनंती. नाव बायडाबाई.

सही करू नका म्हणून ओरडले. ते म्हणाले, सही झालेली हाय. आजच्या तारखेची. तुमचीच.

पण माझी किल्ली तर—

बायडाबाईला हाका मारतेय. ओ देत नाही. खाली कुणाशी तरी बोलतेय, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं—

फ्यूज ओढणीतच आहेत. तिन्ही. पुन्हा चाचपले—

मोटर सुरू