आधी जॅकेट

आई,

मी नेमबाजीचं जॅकेट शिवायला टाकलं आहे. रायफल नाही, आधी जॅकेट. घरात सगळ्यांशी भांडून झालं, आता फक्त तुझ्याशी राहिलं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या कोणत्याही खरेदीच्या आड पहिली तूच येतेस. साधा टॉवेल घेताना मनात येतं, हा आल्यागेल्यालाही चालेल ना. तेव्हा या वेळी तुला समोर बसवूनच सांगते.

तुझे जावई गेले त्याला आता चौथं वर्ष. रडणं वगैरे आटोक्यात आहे. पण घरात मी दिवसभर फाटकाची कडी ऐकत असते. ह्यांची कडी काढायची एक पद्धत होती, आधी पायानं फाटक ढकलायचं आणि मग कडी. दूधवाला येतो, कुरियरवाला येतो, माझे कान प्रत्येक वेळी उठून बसतात. एका सकाळी विजेचं बिल भरून येताना आपल्या चौकापुढच्या मंगल कार्यालयावर पाटी दिसली, एअर रायफल, महिलांची सकाळची बॅच. खाली लग्नाचे मंडप आणि वरच्या लांब हॉलमध्ये रेंज. मी जिना का चढले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. वर कोणी मला ओळखत नव्हतं, कोणी चेहरा पाडून बोललं नाही, हे त्यातलं एक कारण असावं.

शिकवणारी मुलगी कळमेश्वरची. माझ्या मुलापेक्षा लहान, पण आवाज हेडमास्तरणीचा. तिनं माझ्या हातात रायफल दिली, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायला लावलं, गाल लाकडाला लावायला सांगितला. दहा मीटरवर कागद, कागदावर काळं वर्तुळ, बटणाएवढं. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. आई, त्या थांबण्यात मी कोणाचीच वाट पाहत नसते. खाली बँडवाला पिपाणी तपासत असला तरी ऐकू येत नाही. मग बोट आपोआप दाबलं जातं, छर्रा जातो, आणि घर, फाटक, कडी सगळं परत येतं. पण मध्ये तेवढी जागा मिळते. त्या जागेसाठी मी रोज जिना चढते.

पहिल्याच दिवशी मी डावा डोळा मिटला. ती मुलगी म्हणाली, “काकू, डोळा नका मिटू. दोन्ही उघडे ठेवा, नाहीतर चेहरा ताणला जाते.” उघड्या डाव्या डोळ्याला काही दिसू नये म्हणून तिनं त्याच्यासमोर एक पांढरी पट्टी लावून दिली. मला एवढं हसू आलं की रायफल खाली ठेवावी लागली. रामटेकच्या जत्रेतला तो फुग्यांचा स्टॉल आठवतो तुला? मी परकर-पोलक्यात, भाऊ तुझ्या कडेवर. मी बंदूक खांद्याला लावते आणि फुगे फुटत जातात, एका ओळीतला शेवटचाच उरतो, स्टॉलवाला म्हणतो, “वा बाई, पोरगी भारी आहे तुमची.” आणि तू माझा दंड धरतेस. “काहून वं, चारचौघांत एक डोळा मिटून उभी राहतं? लोक काय म्हणतीन? पोरीच्या जातीनं असं डोळे मिटकावत राहू नये.” शेवटचा फुगा तसाच राहिला. तुला बंदुकीचं काही नव्हतं, लाज वाटली ती डोळा मिटण्याची. आता साठीजवळ मला कळलं, की नेम धरायला डोळा मिटावाच लागत नाही. हे तेव्हा स्टॉलवाल्यालाही माहीत नसणार, म्हणून तुला माफ आहे. तेवढ्यापुरतं.

तर खरेदीचं. रेंजची रायफल सगळ्या जणी वापरतो. तिचा खांद्याचा भाग मागेपुढे होतो, गालाची पट्टी वरखाली होते, येईल तिच्या अंगाशी ती जुळवून घेते. जॅकेट मात्र तसं नाही. जाड कॅनव्हासचं, कडक, पाठीला धरून ठेवणारं, नाहीतर तेवढं वजन घेऊन कंबर डुलत राहते. रेंजवरची दोन जॅकेटं कॉलेजच्या पोरांच्या मापाची आहेत. छातीवर बटण लागत नाही आणि खांदा कोपरापर्यंत उतरतो. मी विचारलं, आधी काय घेऊ? मुलगी म्हणाली, “जॅकेट. बूट, ग्लोव्ह नंतर. रायफल सगळ्यात शेवटी. बंदूक दुसऱ्याची चालते काकू, पाठ कशी चालन?”

रविवारी भावाकडे जेवताना मी हे सांगितलं. तुझी सून पोळी लाटता लाटता थांबली. “बाप्पा! आता बंदूक? कोणाले मारतं वं वन्सं?”

“सध्या कागदाले.”

“आन् मग?”

“मग ज्याले त्याले लाइनीत उभं करू.”

ती हसली, पण भाऊ हसला नाही. म्हणाला, “घ्यायचीच असन तर रायफल घे ना. वस्तू म्हणून घरात राहील, उद्या नातवंडांच्या कामी पडेल. जॅकेट कोण घालीन तुझं?” पुण्याहून मुलाचा फोन आला, त्याचंही तेच. रायफल नंतर विकता येते, जॅकेटला कोण विचारणार, त्यापेक्षा चालायचं मशीन घे, पाहुणे आले तर तेही चालतील. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मला त्याच्या आवाजात तू ऐकू आलीस, आणि मी म्हटलं, “मला असंच काहीतरी घ्यायचं आहे, जे तुमच्यापैकी कोणाच्याच कामी येणार नाही.” पैसे माझे आहेत, तेव्हा तो अडवणार तरी कसा.

आता तुझ्या स्वयंपाकघराकडे येते. खिडकीखाली पायाचं मशीन, शेजारी शेगडीवर डाळ, आणि जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र, ज्याचे तू ब्लाउजचे साचे कापायचीस. मी वाचायला शिकले ती शाळेत कमी आणि त्या कागदांवर जास्त. बाहीच्या गोलाईत बातमी अर्धी तुटायची आणि उरलेली अर्धी कुठल्या तरी पाठीवर सापडायची. म्हणून आजही हाती आलेला कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. नेमबाजीच्या नियमांचं इंग्रजी पुस्तकही डिक्शनरी घेऊन तसंच वाचून काढलं. वस्तीतल्या बायका तुझ्याकडे शिवायला यायच्या आणि तू टेपखाली चार बोटं घालून माप घ्यायचीस. “जागा राहू दे नं. अंग काय असंच राहते? आज तू घालशील, उद्या बहीण घालन.” आपल्या घरात तर कपडा कधी एकीचा नव्हताच. माझा फ्रॉक मामेबहिणीला, तिचा परकर मला, शिवणीत माया इतकी की दोन पिढ्या निघाव्यात. एकाच अंगाला येणारं कापड तुला वाया गेल्यासारखं वाटायचं.

जॅकेट शिवणाऱ्याला मापं पाठवायची होती. मी आरशापुढे उभी राहून स्वतःच घेतली, पाठीसाठी शेजारणीला बोलावलं. एवढी वर्षं तुझ्या हाताखाली काढली, मापं घ्यायला मला कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी रेंजवर मुलीनं कागद पाहिला, मग मला पाहिलं.

“काकू, हे कोणाचं माप आहे?”

“माझंच.”

“याच्यात तुम्ही आन् अजून एक बाई मावते.”

बाकीच्या जणी हसल्या, मीही हसले. मग लक्षात आलं. प्रत्येक मापात मी चार बोटं घातली होती, छातीला, पाठीला, दंडाला. जाणूनबुजून नाही, हात आपोआप गेला. कोणासाठी जागा सोडली होती मी? मला मुलगी नाही. सून माझ्या निम्मी आहे आणि तिला बंदुकीची भीती वाटते. त्या जॅकेटात माझ्यासोबत येणारं या जगात कोणी नाही. तरी मी जागा सोडली.

आणि मला तुझी ती सकाळ आठवली. तुला शेवटची आंघोळ घालून झाली आहे, बायका म्हणतात, एखादा धड ब्लाउज काढा गं. मी कपाट उघडते. एका कप्प्यात गिऱ्हाइकांचे नवेकोरे ब्लाउज, नावाच्या चिठ्ठ्या लावलेले. दुसऱ्यात तुझे, एकूण एक उसवून वाढवलेले, परत आत घेतलेले, काखेत ठिगळ. वस्तीचे कपडे शिवणाऱ्या बाईचा स्वतःच्या मापाचा एक ब्लाउज घरात नाही. शेवटी वहिनीनं सणासाठी शिवलेला आपला दिला, क्षणाचाही विचार न करता, हे तिचं मोठेपण मी विसरणार नाही. पण तो तुला सैल झाला. मी पाठीमागून तो चिमटीत धरला आणि दोन टाके घातले. तुझ्या अंगावर नीट बसलेला तेवढा एकच कपडा, आणि त्यात तू श्वास घेत नव्हतीस.

मी तुझ्यावर रागावलेली आहे असं समजू नकोस, असं लिहिणार होते. पण रागावलेलीच आहे. तू आम्हाला वाटून खायला शिकवलंस ते चांगलंच केलंस. पण आपण स्वतः उरायचं असतं, हे सांगितलं नाहीस. कदाचित तुलाही कोणी सांगितलं नसेल. तरी राग आहे, आणि आता या वयात तो मी उगाच दाबणार नाही.

मापं पुन्हा घेतली, या वेळी त्या मुलीनं. “श्वास सोडा. पोट आत घेऊ नका. जशा आहात तशा उभ्या राहा.” टेपखाली बोट नाही. जॅकेट अंगाला आवळून बांधलेलं चालत नाही, किती सैल हवं ते नियमात लिहिलं आहे, तेवढीच जागा सोडली. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, असं ती म्हणाली, तसं लिहून पाठवायला हवं. मला हे माहीतच नव्हतं. कळणार कसं? आजवर कोणताच कपडा माझ्या खांद्याला टेकला नाही.

वहिनीनं काल फोनवर विचारलं, “मग केलं का रद्द?” मी म्हटलं, “खांदा वाकडा निघाला, तसाच शिवायले सांगितला.” ती म्हणाली, “तू कायची ऐकतं?” मग हळूच, “आलं की दाखवजो. घालून पाहीन.” मी सांगितलं, पाहा, पण तुला बसणार नाही.

हा कागद मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन, तुझ्या कात्रीखाली. एकच सांगायचं राहिलं. रोज सगळे छर्रे मी दोन्ही डोळे उघडे ठेवून मारते, शिकवल्याप्रमाणे. पण शेवटच्याला पांढरी पट्टी वर करते, आणि डावा डोळा मिटते, चांगला गच्च, सगळ्यांच्या देखत. मुलगी ओरडते. तो छर्रा बहुतेक भलतीकडेच जातो.